पाण्याच्या गल्ल्यांचे गाव

रस्ता आला नाही म्हणून वाचले आणि एका चित्रामुळे जगाला ठाऊक झाले, असे चीनमधील गाव म्हणजे झोऊझुआंग. शांघायहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा या गावाची ही ओळख.

शांघाय पाहायला गेलेल्या माणसाची मान दोन दिवसांत दुखू लागते. जिकडे पाहावे तिकडे आकाशाला भिडलेल्या इमारती! त्यातला शांघाय टॉवर तर ६३२ मीटर उंच. अशा वेळी तिथली मंडळी पाहुण्याला हमखास एक सल्ला देतात : एक दिवस राखून ठेवा आणि एखादे पाण्यावरचे गाव पाहून या.

अशी गावे एक-दोन नाहीत. शांघाय, सुझोऊ आणि हांगझोऊ या तीन मोठ्या शहरांच्या दरम्यान ती विखुरलेली आहेत. तोंगली, शीतांग, वुझेन, झूजियाजियाओ ही त्यांतली काही नावे. पण यांत पहिला मान मिळतो तो झोऊझुआंगला. शांघायच्या पश्चिमेला साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर, जियांगसू प्रांतात हे गाव आहे. बसने दीड-दोन तास लागतात. वाटेत कारखाने, गोदामे, नव्या वसाहती आणि रुंद महामार्ग लागतात. इतक्या गर्दीत एखादे जुने गाव उरले असेल यावर विश्वास बसत नाही. पण ते उरले आहे, आणि ते कसे उरले याची हकिगत गावाइतकीच पाहण्याजोगी आहे.

नावेशिवाय गती नाही

यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील या प्रदेशाला चिनी लोक ‘जियांगनान’ म्हणतात. त्याचा अर्थच मुळी ‘नदीच्या दक्षिणेला’. इथली जमीन सपाट आणि सखल. पाऊस भरपूर, ओढे-नाले अगणित आणि मध्यभागी दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठे ताई सरोवर. पाणी वाहून जायला उतारच नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कालवे खणले. या कालव्यांनी शेतातले जादा पाणी बाहेर काढले, कोरड्या दिवसांत शेताला पाणी पुरवले, तळाचा गाळ खत म्हणून दिला आणि मालाची ने-आण करायला वाटही दिली.

भात आणि रेशीम यांनी हा मुलूख श्रीमंत झाला. हांगझोऊपासून बीजिंगपर्यंत जाणारा सुमारे १८०० किलोमीटर लांबीचा महाकालवा याच भागातून जातो. इथला तांदूळ याच वाटेने उत्तरेला राजधानीकडे जात असे. २०१४ साली युनेस्कोने हा महाकालवा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्याला जोडलेल्या लहान-लहान कालव्यांवर, जिथे दोन जलमार्ग एकमेकांना मिळत, तिथे बाजार भरू लागले. बाजाराची गावे झाली. आपल्याकडे रस्त्यांच्या नाक्यावर पेठ वसते, तशी तिथे कालव्यांच्या नाक्यावर वसली.

झोऊझुआंग त्यांपैकीच एक. १०८६ साली झोऊ आडनावाच्या एका गृहस्थाने इथली आपली जमीन बौद्ध मंदिराला दान केली आणि त्याचे नाव गावाला पडले, असे गावचा इतिहास सांगतो. ‘झुआंग’ म्हणजे वाडी. तेव्हा मराठीत आपण या गावाला खुशाल ‘झोऊवाडी’ म्हणावे!

पूल चढा, पूल उतरा

जुने गाव अगदी लहान आहे. अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आत सारे आटोपते. कालव्यांमुळे गावाचे चौकोनी तुकडे पडले आहेत आणि ते दगडी पुलांनी एकत्र बांधले आहेत. असे चौदा जुने पूल इथे आहेत. फूआन हा पूल मूळचा १३५५ सालचा. त्याच्या चारही कोपऱ्यांना दुमजली इमारती उभ्या आहेत, त्यामुळे पूल आणि घरे यांची एकच वास्तू वाटते.

पुलांना मधोमध उंच कमान असते आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढ-उतार करून पोटऱ्या बोलू लागतात. मालाने भरलेली नाव खालून जावी यासाठी कमान उंच ठेवलेली असते. संथ पाण्यात अर्ध्या कमानीचे प्रतिबिंब पडले की पूर्ण वर्तुळ तयार होते. फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते ती इथेच.

सर्वांत प्रसिद्ध आहे ती जुळ्या पुलांची जोडी. शिदे आणि योंगआन हे दोन पूल मिंग राजवटीतील वानली बादशहाच्या काळातले, म्हणजे १५७३ ते १६२० या दरम्यानचे. दोन कालवे जिथे मिळतात तिथे ते एकमेकांशी काटकोन करून उभे आहेत. एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी. जुन्या चिनी किल्ल्यांचा आकार असाच असे, म्हणून गावकरी त्यांना ‘किल्लीचा पूल’ म्हणतात. योगायोग असा, की गावाचे नशीब याच किल्लीने उघडले. पण ती गोष्ट पुढे.

घरांच्या भिंती पांढऱ्या आणि कौले काळसर करडी. पुढचे दार गल्लीत उघडते, मागचे पाण्यावर. मागच्या दाराला लागून दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. पूर्वी घराचा सारा संसार या पायऱ्यांवर चाले. भाजी धुणे, कपडे धुणे, तांदूळ निवडणे आणि शेजारच्या पायरीवरच्या बाईशी गप्पा मारणे. भाजीवाला, मासेवाला नाव घेऊन दाराशी येई. पिण्याचे पाणीसुद्धा कालव्यातूनच घेत. ते मोठ्या रांजणात भरायचे, त्यात तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसू द्यायचा. आपल्या आजीलाही ठाऊक असलेली ही युक्ती इतक्या दूर भेटली की मौज वाटते!

सात चौकांचा वाडा

गावात पाहण्याजोगी दोन मोठी घरे आहेत. पहिले शेन घराण्याचे. शेन वानसान हा चौदाव्या शतकातला धनाढ्य व्यापारी. त्याच्या संपत्तीच्या दंतकथा चीनभर सांगतात. मिंग घराण्याचा पहिला बादशहा झू युआनझांग याने नानजिंग शहराभोवती तट बांधायला काढला, तेव्हा तटाचा एक तृतीयांश खर्च म्हणे एकट्या शेनने केला. एवढ्यावर थांबला असता तर बरे झाले असते. पण त्याने बादशहाच्या सैन्यालाही बक्षीस वाटण्याची तयारी दाखवली. आपल्या फौजेला दुसऱ्याने पैसे वाटावेत, हे कोणत्या राजाला खपेल? शेनची रवानगी दूर युन्नान प्रांतात झाली. इतिहासकार या कथेबद्दल शंका घेतात, पण गावात ती आजही चवीने सांगितली जाते.

आज दिसतो तो वाडा मात्र त्याच्या वंशजांनी १७४२ साली बांधलेला आहे. एकामागून एक सात चौक आणि लहान-मोठ्या शंभर खोल्या. पुढे स्वतंत्र धक्का, तिथे नावा बांधायच्या. मग पाहुण्यांच्या बैठकीचे दालन, आणि अगदी आत बायकामुलांच्या खोल्या व स्वयंपाकघर. आल्यागेल्याची पायरी पाहून त्याला कितव्या चौकापर्यंत आत घ्यायचे हे ठरत असणार. वाडासंस्कृती जाणणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

दुसरे घर झांग घराण्याचे. हे त्याहून जुने, पंधराव्या शतकातले. याची गंमत म्हणजे घराच्या आतूनच एक ओहोळ वाहतो. पालखी पुढच्या दाराने यावी आणि नाव थेट घरातून जावी, अशी योजना. नाव वळवता यावी म्हणून आत लहानसे कुंडही आहे. सामान खाली उतरवायचे ते सरळ घरात. पावसाची भीती नाही, हमालीचा त्रास नाही!

पानातला भात आणि आजीबाईंचा चहा

दुपारी भूक लागली की गल्लीत पाऊल टाकताच वासावरून कळते, की इथले मुख्य पक्वान्न कोणते. डुकराची आख्खी तंगडी सोया सॉस आणि साखर घालून मंद आचेवर तासन् तास शिजवलेली असते. तिला ‘वानसानची तंगडी’ म्हणतात. यामागेही कथा आहेच. बादशहा शेनकडे जेवायला आला. बादशहाचे आडनाव ‘झू’, आणि चिनी भाषेत डुकरालाही ‘झू’ म्हणतात. आता बादशहासमोर ‘झू’वर सुरी कशी चालवायची? आणि या पदार्थाचे नाव तरी काय सांगायचे? शेनने त्यातलेच बारीक हाड उपसून त्याने मांस कापले आणि विचारल्यावर सांगितले, “ही वानसानची तंगडी!” प्रसंग निभावला. आजही ती हाडानेच कापून वाढतात.

शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात इथे दुकानोदुकानी मिळतो. त्याला ‘झोंगझी’ म्हणतात. बाहेरून पाहावे तर आपल्या पातोळ्यांची आठवण व्हावी. मात्र त्यात मांसाचाही तुकडा घालतात, तेव्हा लाल घेवड्याचे गोड सारण घातलेला प्रकार नीट विचारून मागावा. तीळ-शेंगदाण्याची चिक्कीसारखी वडी तर सर्वांनाच आवडेल.

आणखी एक गोष्ट या गावची स्वतःची, ती म्हणजे ‘आजीबाईंचा चहा’. गावातल्या वयस्क बायका आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात. चहाबरोबर खारवलेली भाजी, भाजलेल्या शेंगा असे काहीबाही असते. हातात विणकाम किंवा शिवण असते, आणि तोंड मात्र मोकळे! बोलतात त्या मँडरिन नव्हे, तर या भागाची वू बोली. उत्तरेकडच्या चिनी माणसालाही ती समजत नाही. चहाची ही बैठक आता पाहुण्यांसाठी उपाहारगृहांतही मांडली जाते. पण खरी बैठक कोणाच्या तरी ओसरीवर चालू असते आणि तिचे तिकीट मिळत नाही.

एका चित्राची किमया

१९८० च्या दशकापर्यंत झोऊझुआंग आडबाजूचे होते. चारी बाजूंना तळी आणि कालवे. यायचे-जायचे ते मुख्यतः नावेने. त्याच सुमारास चीनमध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्या आणि या प्रदेशात गावोगावी कारखाने निघाले. ट्रकसाठी रस्ते हवेत म्हणून कालवे बुजवले, पूल पाडले, जुन्या घरांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. ज्या गावाला रस्ता लवकर मिळाला ते लवकर बदलले. झोऊझुआंग मागे राहिले आणि म्हणूनच वाचले.

त्या वेळी दोन माणसे या गावाच्या उपयोगी पडली. पहिला चित्रकार, चेन यीफेई. १९४६ साली जन्मलेला आणि शांघायमध्ये वाढलेला हा चित्रकार १९८० मध्ये अमेरिकेला गेला. जियांगनानच्या जलग्रामांची त्याने अनेक तैलचित्रे रंगवली. त्यांत झोऊझुआंगच्या जुळ्या पुलांचे एक चित्र होते. ‘मायभूमीच्या आठवणी’ अशा अर्थाचे त्याचे नाव. अमेरिकन तेल उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी ते विकत घेतले आणि १९८४ मध्ये चीनच्या भेटीत देंग शियाओपिंग यांना भेट दिले. दुसऱ्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पोस्टाच्या प्रथम दिवस आवरणावर हे चित्र झळकले. बघता बघता लोक विचारू लागले, हे पूल आहेत तरी कुठे? चेन २००५ मध्ये वारला, पण त्याचे चित्र पाहून येणाऱ्यांची रीघ आजही थांबलेली नाही.

दुसरे, शांघायच्या तोंगजी विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक रुआन यीसान. जुनी गावे एकामागून एक पडताना पाहून ते अस्वस्थ झाले आणि जतनाचे आराखडे घेऊन गावोगाव फिरू लागले. सुरुवातीला कोणी दाद देईना. कारखाना काढला तर पैसा मिळेल, पडक्या घरांतून काय मिळणार, असा रोकडा सवाल होता. झोऊझुआंगने मात्र त्यांचे ऐकले. त्यांचा उपाय साधा होता. जुन्या गावाला हात लावायचा नाही, नवी घरे आणि कारखाने शेजारच्या नव्या वसाहतीत बांधायचे, आणि जुने गाव पाहुण्यांना दाखवून त्याच्या दुरुस्तीचा खर्च काढायचा. पुढे जुन्या गावाला धक्का लावणाऱ्या रस्त्याचा बेत निघाला तेव्हाही ते ठामपणे विरोधात उभे राहिले. २००३ मध्ये या जलग्रामांच्या जतनाच्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

गाव की देखावा?

इथवर सारे गोड आहे. पण गावात शिरताना तिकीट काढावे लागते, तिथेच मनात प्रश्न उभा राहतो. तिकीट काढून आपण नाटक पाहतो, सर्कस पाहतो. ज्या गावात माणसे राहतात तिथे तिकीट कसले?

त्या पैशातून पुलांची डागडुजी होते, कालवे साफ राहतात, हे खरे. पण पैशाबरोबर गर्दी आली आणि गर्दीबरोबर दुकाने. गल्लीतल्या घरांचे पुढचे दालन आता पंखे, रेशमी रुमाल आणि तंगड्या विकण्यासाठी भाड्याने जाते. भाडे चांगले मिळते. मग घरमालक नव्या वसाहतीत राहायला जातो. तरुण मंडळी शांघाय, सुझोऊकडे नोकरीला. मागे राहतात ते म्हातारे.

त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? जुनी घरे चित्रात सुंदर, पण राहायला कठीण. भिंतींना ओल, जिना अरुंद, हिवाळ्यात बोचरी थंडी आणि कित्येक घरांत शौचालयाचीही सोय नव्हती. आपल्याला फोटो चांगला मिळावा म्हणून कोणी कालव्यावर कपडे धुवत बसावे, असे म्हणणे बरे नव्हे.

वुझेन गावाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले. तिथला पश्चिमेकडचा भाग २००७ मध्ये पाहुण्यांसाठी खुला झाला. त्यापूर्वी तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे हलवण्यात आले, घरे दुरुस्त केली, तारा आणि नळ जमिनीखाली घेतले आणि सारा कारभार एका कंपनीकडे दिला. काही जुने रहिवासी परत आले, ते खाणावळ आणि मुक्कामाच्या खोल्या चालवण्यासाठी. वुझेन स्वच्छ, नीटनेटके आणि रात्री दिव्यांत तर स्वप्नासारखे दिसते. पण तिथे शेजारी शेजाऱ्याशी भांडत नाही, कोणाच्या घरचा भात करपत नाही. झोऊझुआंगमध्ये गर्दी आहे, ओरडा आहे, पण गर्दीच्या दोन गल्ल्या पलीकडे अजून कोणाचे तरी घर आहे. किती दिवस राहील, हाच प्रश्न आहे.

जाताना एवढे लक्षात ठेवा

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती. ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली आहे. व्हिसा आधी काढावा लागतो. चीनमध्ये लहान दुकानांतही लोक मोबाइलवरून पैसे देतात, तेव्हा अलीपेसारखी सोय फोनवर आधीच करून घ्यावी. थोडे रोख युआनही जवळ असू द्यावेत. वसंत आणि शरद हे ऋतू उत्तम. उन्हाळा दमट असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुटी असते, तेव्हा पुलावर पाय ठेवायला जागा मिळत नाही, तो आठवडा टाळावा.

बसचा प्रवास नको असेल तर झूजियाजियाओ गाव सोयीचे. शांघायची सतरा क्रमांकाची मेट्रो २०१७ च्या डिसेंबरअखेरपासून तिथे जाते. तिथला १५७१ साली प्रथम बांधलेला पाच कमानींचा फांगशेंग पूल सुमारे सत्तर मीटर लांब आहे. ‘फांगशेंग’ म्हणजे जीवदान. पुण्य म्हणून पुलाजवळ जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोडण्याची प्रथा तिथे आजही आहे.

झोऊझुआंगला मात्र शक्य तितक्या लवकर पोहोचावे. सहलींच्या बसगाड्या येण्यापूर्वीचा तास-दीड तास सोन्यासारखा. वाडे आणि नावेची फेरी नंतर करावी. निळ्या छापील कापडाचा रुमाल डोक्याला बांधलेल्या बायका एकाच लांब वल्ह्याने नाव चालवतात आणि खुशी झाली की लोकगीतही म्हणतात. पण सकाळी आधी दुकानांची गल्ली सोडून मागच्या बोळात शिरावे. बांबूच्या काठीवर ओले कपडे वाळत घातलेले दिसतील, दाराबाहेर चपलांचा जोड दिसेल, एखादी आजी पायरीवर बसून भाजी निवडत असेल. तिचा फोटो काढण्याआधी मान लववून विचारावे. नको म्हणाली तर कॅमेरा खाली करावा. चौदा पूल आणि सात चौक तर तिकिटावर छापलेलेच असतात. वाळत घातलेले कपडे जोवर दिसत आहेत तोवर ही वाडी आहे. ते दिसेनासे झाले, तर उरेल ते नुसते चित्र, आणि चित्र तर चेन यीफेईने केव्हाच काढून ठेवले आहे.